शिडीवर किती माणसे मावतात?

जून उजाडतो, पहिला दमदार पाऊस होतो, एखाद्या धबधब्यात कुणी वाहून जाते, आणि पुढचा क्रम आता सगळ्यांना पाठ झाला आहे. जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश निघतो. त्याला एक लांबलचक यादी जोडलेली असते. धबधबे, धरणे, घाट, किल्ले सगळे एकाच दावणीला. मग दोन फळ्या आपापल्या जागी उभ्या राहतात. एक म्हणते, बंदच करून टाका, पोरांना अक्कल नाही आणि आईबापांच्या नशिबी नुसते रडणे. दुसरी म्हणते, डोंगर कुणाच्या बापाचा नाही. खऱ्या ट्रेकरला कशाला अडवता, आवरायचे तर हौशे-नवशे-गवशे आवरा. गणपतीच्या आसपास आदेशाची मुदत संपते आणि वादही संपतो. मग डिसेंबरातल्या एखाद्या रविवारी पहाटे कळसूबाईच्या शिडीखाली शेकडो माणसे थंडीत कुडकुडत खोळंबलेली असतात. तेव्हा पाऊस नसतो, आदेश नसतो आणि वादही नसतो.

हा वाद चुकीच्या प्रश्नावर चालला आहे, असे माझे मत आहे. डोंगर उघडा ठेवायचा की बंद, आणि कोणासाठी, एवढ्यावरच दोन्ही बाजू भांडतात. किती वाजता किती माणसे, हे कुणी विचारत नाही. एखादा कडा किंवा माथा किती माणसे झेलू शकतो, हे माथ्यावर मोजायचे नसते. ते वाटेवरच्या सगळ्यात अरुंद जागी मोजायचे असते. ती जागा प्रत्येक डोंगराची वेगळी असते आणि स्थानिकांना ती नेमकी माहीत असते. तेव्हा नियम हवा तो वाटेगणिक, तासागणिक आणि माणसांच्या संख्येचा. तो बारा महिने चालावा आणि पायथ्याच्या गावातून राबवला जावा. सरसकट बंदीने यातले काही होत नाही, आणि सरसकट मोकळीक दिल्यानेही नाही.

बंदीवाल्यांचे म्हणणे आधी नीट ऐकून घेऊ, कारण ते वाटते तितके बालिश नाही. बंदी स्वस्त आहे. तालुक्याच्या पोलीस ठाण्यात जेमतेम माणसे, त्यात रविवारचा बंदोबस्त. अशा वेळी वाटेच्या तोंडाशी दोन हवालदार उभे करणे एवढेच प्रशासनाच्या हातात उरते. दुसरे, चुकणाऱ्याची किंमत भलताच माणूस मोजतो. कड्याखाली अडकलेल्याला वर काढायला लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांची मुले रात्री-अपरात्री, फुकट, आपल्या नोकरीधंद्यातून उठून जातात. स्ट्रेचर उचलायला एका वेळी सहा-आठ जण लागतात, ते थकले की बदली लागतात, आणि जी वाट धडधाकट माणूस दोन तासांत उतरतो तिला पावसात रात्र पुरत नाही. स्वतःच्या हौसेपायी दुसऱ्याचा जीव टांगणीला लावायचा हक्क कुणालाच नाही, या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि द्यायचेही नाही.

पण बंदी नेमकी कशावर? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली, काढलेला आदेश सहसा दोन महिन्यांपलीकडे चालत नाही. तो तातडीच्या प्रसंगासाठी असतो. इथे तो ऋतूसाठी वापरला जातो. आदेशाला कारण ठरणारे अपघात पाहा. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे गेली. १५ जून २०२५ रोजी तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीने कोसळला, चार जण दगावले. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. यातला एकही अपघात डोंगर चढताना झालेला नाही. पहिला पाण्याचा, दुसरा गर्दीचा. दोन्हींच्या नंतर निघालेल्या उपायांत मात्र किल्ल्यांची नावे आली, आणि त्यांतले कितीतरी असे की ज्यांच्या वाटेत गुडघाभर ओढासुद्धा नाही.

सह्याद्रीतल्या पाण्याची रीत समजून घेतली तर हा घोळ किती महाग पडतो ते कळेल. बेसॉल्टच्या कातळावर मातीचा थर पातळ, उतार तीव्र, ओढ्याचे पाणलोट क्षेत्र लहान. वर पठारावर जोराची सर आली की पाणी जिरत नाही, तसेच खाली येते, आणि आता घोट्याएवढा असलेला ओढा पाव तासात कमरेएवढा होतो. खाली उभ्या असलेल्याच्या डोक्यावर तेव्हा ऊनही असू शकते. म्हणून ओढा ओलांडून जाणाऱ्या, घळीतून चढणाऱ्या आणि धबधब्याखालून जाणाऱ्या वाटा ठरावीक दिवशी कडक बंद हव्यात. तो दिवस ठरवायला हवामान खात्याचे मापही तयार आहे: चोवीस तासांत ११५.६ मिलिमीटरपासून पुढे अतिमुसळधार, २०४.४ च्या वर गेला तर त्याहून वरची पायरी. त्या इशाऱ्याच्या दिवशी वाट बंद, पाणी ओसरले की उघडी. याच्या जागी दोन महिन्यांची बंदी टाकली की काय होते? कोरड्या दिवशीही वाट बंदच असते, म्हणून लोक आदेश मनावर घेणे सोडतात. चौकी चुकवायला पहाटे तीनला आडवाटेने चढतात. गावात कुणाला सांगत नाहीत, नाव नोंदवत नाहीत, आणि कुणाचा पाय मोडला तर गुन्हा दाखल होईल या भीतीने मदतीचा फोन करायला तासभर उशीर करतात. ज्या दिवशी बंदी खरोखर पाळायला हवी, त्या दिवसापर्यंत तिचा धाक उरलेला नसतो.

आता गर्दीकडे येतो, कारण खरा मुद्दा तिथे आहे.

कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच माथा. बारी गावातून सहा-साडेसहा किलोमीटरची वाट, आठशेच्या वर मीटरचा चढ. अवघड कातळटप्प्यांवर लोखंडी शिड्या. मुंबई-पुण्याहून रात्री दहा-अकराला सुटणाऱ्या बसगाड्या दोन-अडीचला बारीत पोचतात. सगळ्यांना हवा असतो सूर्योदय. म्हणून सगळे तीनच्या आगेमागे चढायला लागतात आणि साडेपाचनंतर शेवटच्या शिडीखाली येऊन थांबतात. हिवाळ्यात सूर्य वर येतो सातच्या सुमारास. आता हिशेब मांडा, आकडे अंदाजाचे असले तरी गणित तेच. शिडीवर दोन माणसांत पंधरा सेकंदांचे अंतर धरले तर तासाला २४० माणसे चढतील. दीड तासात ३६०. सूर्य दिसला, फोटो झाले, ३६० जण एकदम उतरायला निघाले. खाली उशिरा आलेले ३०० अजून चढायचे आहेत. शिडी तीच. ६६० माणसांना पावणेतीन तास लागतील, तेही कुणी घाबरून मध्येच न थांबता, कुणाची काठी पायरीत न अडकता.

प्रत्यक्षात तसे होत नाही. शिडीच्या पायऱ्यांवर बुटांचा चिखल चढलेला असतो, पहाटेच्या दवाने लोखंड बुळबुळीत झालेले असते. एका हातात मोबाइलची बत्ती धरून चढणाऱ्याला दुसऱ्या एकाच हाताने पायरी धरावी लागते; डोक्याला बांधायची बत्ती आणली असती तर दोन्ही हात मोकळे राहिले असते. पहिल्यांदाच आलेली कुणी पाचव्या-सहाव्या पायरीवर खाली बघते आणि तिथेच थिजते. वरून उतरणारा ओरडतो, खालून चढणारा ओरडतो. खाली ताटकळणाऱ्यांचे कपडे चढताना घामाने भिजलेले, आता वाऱ्यात थंडगार. तास झाला, स्वेटर बसमध्येच राहिलेला. यातल्या कुठल्याही एका माणसाने काही वेडेपणा केलेला नाही. प्रत्येक जण आपापल्या परीने शहाण्यासारखाच वागतो आहे आणि तरी ती जागा धोक्याची झाली आहे. बेशिस्त लोकांना आवरा, हा उपाय इथे कुणावर चालवायचा?

गंमत अशी की आपले किल्ले बांधलेच गेले ते हे होऊ नये म्हणून. शत्रूची शेकडो माणसे एकदम वर येऊ नयेत यासाठी वाट मुद्दाम अरुंद केली, वळवली, दरवाज्यामागे दरवाजा घातला. लोहगडाची गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा ही चार दरवाज्यांची नागमोडी वाट म्हणजे गर्दी कोंडण्याचे यंत्रच. २०२३ च्या पावसाळ्यात एका रविवारी त्या यंत्राने आपले काम चोख केले: हजारो पर्यटक दरवाज्यांत तासन्‌तास अडकले, ना वर जाता येईना ना खाली. नाशिककडचा हरिहर घ्या. उभ्या कातळात खोदलेल्या पायऱ्या, बोटे अडकवायला दोन्ही बाजूंना खोबणी, वर गेल्यावर कातळाच्या छपराखालून आडवी वाट आणि पुन्हा पायऱ्या. उतरताना कातळाकडे तोंड करून उतरावे लागते आणि समोरून कुणी चढत असेल तर दोघांना ओलांडायला जागा नाही. १८१८ मध्ये तो पाहून कॅप्टन ब्रिग्ज हा इंग्रज अधिकारी थक्क झाला होता. इतर कित्येक गडांच्या पायऱ्या इंग्रजांनी सुरुंग लावून उडवल्या, म्हणजे वाटच बंद केली. अलंग आणि मदन इथे आजही दोर लावून चढावे लागते ते त्यामुळेच. सरसकट बंदीची ती पहिली आवृत्ती म्हणायला हरकत नाही. रामचंद्रपंत अमात्यांना मात्र कोंडीची दुसरी बाजूही दिसत होती. किल्ल्याला एकच दरवाजा असणे हा मोठा दोष आहे, दरवाजे आणि चोरदिंड्या जास्त ठेवाव्यात, असे आज्ञापत्रात त्यांनी बजावले आहे. जुलै २०२५ मध्ये लोहगडासह बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. वारसा म्हणजे दगड तेवढा नव्हे. किती माणसे एका वेळी कुठून जातील याचा त्या बांधणाऱ्यांनी केलेला विचारही त्यात येतो, आणि तो आपण सोडून दिला.

आता दुसऱ्या फळीकडे वळू, 'खरे ट्रेकर' म्हणवणाऱ्यांकडे. त्यांच्या म्हणण्यातला बळकट भाग मान्य आहे. डोंगरात जाणे हे शिक्षण आहे. महाराष्ट्रातल्या गिर्यारोहणाच्या चळवळीने बचावपथके उभी केली, गडांवरची टाकी उपसली, वाटा जिवंत ठेवल्या. हे सगळे परवान्याच्या खिडकीशी रांग लावून झालेले नाही. पण खरा आणि खोटा ट्रेकर ओळखायचा कसा? बुटावरून? धंदेवाईक आयोजकांसाठी राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणले, नोंदणी आली, प्रशिक्षित म्होरक्या असावा अशा अटी आल्या. चांगलेच झाले. मात्र सहा-आठ मित्रांनी मिळून काढलेला ट्रेक या चौकटीत कुठेच येत नाही, आणि डोंगरात अशी टोळकीही भरपूर असतात.

मित्रांच्या टोळक्याची अडचण अनुभवाच्या कमतरतेपेक्षा वेगळी आहे. त्यात परत फिरू या म्हणायचे काम कुणाचेच नसते. आयोजकाच्या गटात एक पुढे असतो, एक शेवटच्या माणसाच्या मागे असतो, आणि शेवटच्याच्या मागचा माणूस हाच गटाचा खरा कणा. मित्रांत तगडे दोघे पुढे सुटतात, गप्पा मारणारे मध्ये, आणि ज्याला दोन महिने कुणी चालताना पाहिलेले नाही तो एकटा मागे. फाट्यावर पुढचे थांबत नाहीत. मागचा चुकीची पायवाट धरतो, आणि ती गुरांची वाट असल्याचे त्याला कड्याशी गेल्यावर कळते. वेळेचा हिशेबही कुणी करत नाही. स्कॉटलंडचा गिर्यारोहक नेस्मिथ याने १८९२ मध्ये सांगितलेला ठोकताळा आजही चालतो: पाच किलोमीटरला एक तास, आणि सहाशे मीटर चढाला वर आणखी एक तास. त्याने कळसूबाईचे पावणेतीन तास होतात, पण तो धडधाकट आणि न थांबणाऱ्या माणसाचा वेळ. आठ जणांत नाश्ता, फोटो, पायात गोळा आलेला एक जण धरला तर चार. निघण्याआधी बसमध्येच ठरवून टाकावे की अमुक वाजता आपण जिथे असू तिथून फिरायचे, माथा समोर दिसत असला तरी. हे ठरवणारे मित्र फार थोडे. आणि समजा ठरवले, तरी वर कोंडी झालेली असेल तर त्या वेळेचा उपयोग काय? फिरायचे ठरवले तरी शिडी मोकळी नको का?

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर हे सगळे प्रश्न एकदम येतात. कडा अर्धवर्तुळात आत वळलेला. खालचे मऊ थर झिजून गेलेले आणि वरची कडक कातळाची कड पुढे आलेली. म्हणजे अगदी कडेला उभा असलेला माणूस ज्या दगडावर उभा असतो त्याच्या खाली आधार असेलच असे नाही, आणि वरून ते दिसत नाही. खाली बघायचे तर सॅक दहा पावले मागे ठेवून, पालथे पडून, कुणीतरी पाय धरलेले असताना बघायचे. पावसाळ्यात तिथले गवत साबण लावल्यासारखे होते. वारा दरीतून वर येतो, एवढा की धबधब्याचे पाणी उलटे उडते, आणि पाठीवरच्या अर्धवट बांधलेल्या सॅकला तो फिरवतो. पाठ दरीकडे करून सेल्फीसाठी एकेक पाऊल मागे सरकणाऱ्याला यातले काहीच जाणवत नाही.

कडा पश्चिमेला तोंड करून, म्हणून गर्दी सूर्यास्ताची. पायथ्याच्या पाचनई गावातून गडावरच्या देवळापर्यंत दोन-अडीच तास, पुढे कड्यापर्यंत अर्धा-पाऊण तास. डिसेंबरात सूर्य सहाला मावळतो. म्हणजे सूर्यास्त पाहणारा माणूस पाचनईला उतरणार नऊला, अंधारात, ओढे आणि कातळाखालची आडवी वाट पार करत. नाहीतर वरच राहणार. सूर्यास्त म्हणजे मुक्काम, हे इथले साधे गणित. मुक्काम म्हणजे तंबू, चुली, प्लास्टिक, आणि पाण्याची टाकी नासणे. तेव्हा कोकणकड्यावर किती माणसांना सूर्यास्त पाहू द्यायचा, हा प्रश्न खरे तर रात्री वर किती माणसे राहू शकतात हा आहे. जाता जाता एक सांगायला हवे. या कड्याची जी खरी अपूर्वाई, ते इंद्रवज्र, म्हणजे खालच्या ढगावर आपल्या सावलीभोवती उमटणारे गोल इंद्रधनुष्य, त्याला संध्याकाळ चालत नाही. सूर्य पाठीमागे, म्हणजे पूर्वेला लागतो. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने या भागातले असे वर्तुळ १८३५ साली छापलेल्या निबंधात नोंदवून ठेवले आहे. ज्या जागेचे सगळ्यात दुर्मीळ दृश्य सकाळी दिसते तिथे सगळे संध्याकाळी का लोटतात? कारण फोटोत सूर्यास्त असतो.

संख्येचा आणि वेळेचा नियम ही पुस्तकी कल्पना नाही. फुजी पर्वतावर नेमके कळसूबाईसारखेच चालले होते: रात्रभर न झोपता, न थांबता चढायचे आणि सूर्योदयाला माथ्यावर गर्दी करायची. २०२४ मध्ये यामानाशी प्रांताने योशिदा वाटेवर दिवसाला ४००० माणसांची मर्यादा आणि २००० येन शुल्क लावले. महत्त्वाची गोष्ट त्यापुढची: दुपारी चार ते पहाटे तीन वाटेचे दार बंद, वरच्या निवाऱ्यात जागा राखून ठेवलेल्यालाच सोडायचे. पुढच्या वर्षी दार दुपारी दोनलाच लागू लागले आणि शुल्क ४००० येन झाले. बंदी कुणावर नाही. झोप न काढता चढण्यावर आहे. इतके लांब जायचे नसेल तर कर्नाटकात या. जानेवारी २०२४ मध्ये कुमार पर्वतावर जोडून आलेल्या सुट्टीत तोबा गर्दी झाली. तिथल्या सरकारने आधी ट्रेक थांबवले आणि मग दिवसाला ३०० माणसांची आगाऊ नोंदणी सुरू केली. आपल्याकडे कासच्या पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला ३००० ची मर्यादा आहे आणि ती पायथ्याच्या गावांच्या समित्यांच्या हातून चालते.

याउलट सरसकट बंदीचा धडा उत्तराखंडात आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला मनाई केली. कुरणांची दुर्दशा खरी होती, न्यायालयाचे काही चुकले असे म्हणता येणार नाही. पण आली-बेदिनी बुग्यालांवर मुक्काम केल्याशिवाय रूपकुंड या उंचावरच्या तळ्याचा ट्रेक होत नाही, त्यामुळे तोच थांबला. लोहाजंग आणि वाण या गावांतल्या खेचरवाल्यांचे आणि हमालांचे उत्पन्न गेले. चढायची हौस मात्र कुठेच गेली नाही. ती शेजारच्या डोंगरांवर सरकली.

संख्येच्या नियमावर आक्षेप आहेत आणि त्यातला एक मला अजूनही टोचतो. मर्यादा आली की आरक्षण येते, आरक्षण आले की दलाल येतो. आयोजक महिनाभर आधी शनिवारच्या सगळ्या जागा उचलणार, आणि कळसूबाईखालच्या अकोले तालुक्यातला कॉलेजचा पोरगा आपल्याच तालुक्यातल्या डोंगरावर जायला जागा शोधत बसणार. हे टाळायचे असेल तर निम्म्या जागा आगाऊ आणि निम्म्या त्याच दिवशी पायथ्याला, आलेल्या क्रमाने, माणसागणिक. गटाच्या नावावर एकगठ्ठा जागा नाही. तरी दलाली पूर्ण थांबेल असे नाही. दुसरा आक्षेप श्रद्धेचा. कळसूबाई ही देवी आहे, नवरात्रात आसपासच्या गावांतली माणसे अनवाणी चढतात, त्यांना परवाना विचारायचा का? मुळीच नाही. डोंगराखाली राहणाऱ्याला आणि नवरात्रातल्या भाविकाला मर्यादेतून वगळावे. मात्र शिडीचे गणित भाविकालाही सुटत नाही, म्हणून त्या दिवसांत बाहेरच्या गटांना जागा देऊ नये. तिसरा आक्षेप, डोंगराला दार लावणे आपल्या परंपरेत बसत नाही. बसत नाही? हिरकणीची आख्यायिका दुसरे काय सांगते? रायगडाचे दरवाजे तिन्हीसांजेला बंद झाले आणि कुणासाठी उघडले नाहीत. ती कडा उतरून गेली, तेव्हा महाराजांनी तिचा सन्मान केला आणि त्या जागी बुरूज बांधला. वेळेची शिस्त मोडली नाही, अपघाताची जागा दुरुस्त केली.

राहिला प्रश्न मोजणार कोण याचा. यासाठी नवे महामंडळ नको. पाचनईसारख्या कित्येक पायथ्यांवर वनसमितीची माणसे आजही टेबल टाकून बसतात आणि शुल्क घेऊन पावती फाडतात. त्या पावतीवर रक्कम असते, तारीख असते, वेळ नसते. आणि माणूस खाली आला की नाही हे तिला कळत नाही. कोळशाच्या खाणीत उतरणाऱ्याच्या नावाचा बिल्ला वर टांगलेला असतो, संध्याकाळी उरलेले बिल्ले मोजले की आत कोण राहिले ते कळते. तेच इथे करायचे. पावतीचा अर्धा भाग उतरल्यावर परत द्यायचा. रात्री आठला तीन अर्धुके कमी असतील तर तीन माणसे वर आहेत, आणि बचावपथकाला फोन त्याच वेळी जाईल, दुसऱ्या दिवशी दुपारी घरच्यांनी चौकशी केल्यावर नाही. पावतीवर चढायची वेळ छापली की तासाला किती सोडायचे हे टेबलावरचा माणूसच ठरवू शकतो: शिडीला २४० झेपत असतील तर उतरणाऱ्यांसाठी निम्मी जागा ठेवून १२० सोडायचे, पावसात त्याच्याही निम्मे. आठवड्याच्या मधल्या दिवशी येणाऱ्याला शुल्क माफ करायचे. अंधारात चढायला निघणाऱ्याकडे डोक्याची बत्ती नसेल तर त्याला उजाडेपर्यंत थांबवायचे, आणि गावात बत्त्या भाड्याने मिळाल्या तर कुणाची तक्रारही राहणार नाही.

गावाचे उत्पन्न यात बुडेल, ही शंका बारीतले किंवा पाचनईतले लोक काढतील, आणि ती रास्त आहे. आज शनिवारी रात्री येणारी झुंड पिठले-भाकरी खाते, तंबूचे भाडे देते, गाडी लावायचे पैसे देते. पण ती झुंड वर्षातल्या मोजक्या रविवारांचीच असते, आणि एक मोठा अपघात झाला की जिल्ह्याचा आदेश येऊन सगळा हंगामच जातो. शनिवारचे सहाशे कमी होऊन त्यातले दोनशे जरी मंगळवार-बुधवारी आले तरी गाव तोट्यात जाणार नाही. येणाऱ्या आदेशांत म्हणून बंदीच्या यादीऐवजी प्रत्येक वाटेसमोर तीन गोष्टी छापाव्यात: सगळ्यात अरुंद जागा कोणती, तिथून तासाला किती माणसे, आणि किती पावसाच्या इशाऱ्याला ती वाट बंद. ही माहिती गोळा करायला तलाठी, वनरक्षक आणि गावातला एक वाटाड्या यांना एका वाटेसाठी एक दिवस पुरेल.